सावलीची घडी

ठाण्याच्या खाडीला पाणी कधी भरेल हे सांगायला जुन्या कोळी माणसाला मोबाइल लागत नाही. तिथीची पाऊणपट करायची, की भरतीचा तास हाती येतो. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. खाडीत जितकं आत यावं तितकी त्यात थोडी भर घालायची. हिशेब सोपा, पण त्यात एक गोम आहे. सगळ्यात मोठं पाणी, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेचं उधाण, नेमकं भर दुपारी येतं. संध्याकाळी ऊन उतरेपर्यंत पाणीही उतरलेलं असतं आणि ऐरोलीच्या बाजूला नुसता चिखल चमकत असतो. सकाळच्या गारव्यात निघू, असं इथे म्हणता येत नाही. खाडी बोलावेल तेव्हा निघायचं आणि ती बोलावते बाराच्या उन्हात.

त्यामुळे ऐरोलीच्या दिवा कोळीवाड्यातल्या माझ्या मित्राने होडीवर घडीचं छप्पर बसवायचं मनावर घेतलं, तेव्हा ती चैन आहे असं मला वाटलं नाही. पंधरा फुटी फायबरची होडी, मागे छोटं मशीन. त्याचे वडील, आमचे काका, अजून तिच्यातून पाग, म्हणजे हाताने फेकायचं जाळं, टाकतात. हा नोकरीवाला, रविवारी बायकोमुलांना आणि आमच्यासारख्या पाहुण्यांना फ्लेमिंगो दाखवायला नेतो. एकाच होडीवर दोन पिढ्यांचे दोन उद्योग. सगळी भानगड तिथूनच सुरू झाली.

या छपराला बाजारात बिमिनी म्हणतात. होडीच्या दोन्ही काठांवर बिजागऱ्या, त्यांत उलट्या यू आकाराच्या तीन किंवा चार कमानी, वर ताणलेलं कापड, पुढे-मागे ओढून धरणारे पट्टे. पट्टे सोडले की बाबागाडीच्या टपासारखं सगळं एका बाजूला मिटतं. दुकानांच्या फोटोंत मात्र ते कधी मिटलेलं दिसत नाही. निळंशार पाणी, खाली हसरं कुटुंब आणि वर छप्पर, तेही कायम उघडं. मिटल्यावर ते जातं कुठे, हे कोणी दाखवत नाही. माझं म्हणणं असं की छप्पर निवडायचं ते मिटलेलं बघून. उघडं कुठलंही छप्पर बरंच दिसतं.

हिशेब शाळेतल्या भूमितीचा आहे. छप्पर सहा फूट लांब आणि काठापासून चार फूट उंच घेतलं, तर बिजागरी साधारण त्याच्या मध्यावर येते. निम्मी लांबी तीन, उंची चार, म्हणजे कमानीचा पाय झाला पाच फुटांचा. तोच तो ३-४-५ चा त्रिकोण. मिटलेल्या कमानींची ही पाच फुटांची मोळी पंधरा फुटी होडीत आडवी कुठे होणार? मागे पाडली तर थेट मशीनवर. खाडीत पाणी कमी झालं की मशीन वर उचलावं लागतं, ते या पायपांवर आपटणार. सुकाणूचा दांडा धरणाऱ्याचं कोपर अडणार ते वेगळंच. पुढे पाडली तर बसायची जागा गेली. मित्राने काठावर खडूने खुणा केल्या आणि बांबू आडवा धरून, आता मोळी इथे, आता तिथे, असा खेळ बराच वेळ चालवला. शेवटी बिजागऱ्या फूटभर पुढे सरकल्या आणि छप्पर सहाचं पाच फुटांवर आलं. चार कमानींचं लांबलचक छप्पर त्याच्या मनात होतं, ते तिथेच मिटलं.

उंचीचा घोळ आणखी निराळा. जाहिरातीतली उंची धरतात काठापासून, तळापासून नव्हे. काठ तळाहून दोन फूट वर असेल, तर चार फुटी छपराखाली सहा फुटांचा माणूस उभा राहतो. ऐकायला छान. पण दुपारनंतर समुद्राकडून वारा सुटतो, तेव्हा एवढं उंच कापड काय करतं हे काकांनी एका वाक्यात सांगितलं, "अरं, ह्ये शीडच हाय. वारा धरला का होरी तुजं आयकनार नाय." आणि लगेच पुढचा प्रश्न, "न पाग कुटं फेकू, छपरात?" पाग फेकायला उभं राहावं लागतं, अंगाला पीळ द्यावा लागतो, जाळं हवेत गोल उघडावं लागतं. डोक्यावर काही असून चालतच नाही. म्हणूनच खाडीतला मासेमार वर्षानुवर्षं टोपी आणि पंचावर भागवत आला. छप्पर हवं तर ते असं हवं की एकट्या माणसाने, होडी डुलत असताना, झटक्यात बाजूला करावं. ही अट माझ्या मते रंग, कापड आणि किंमत या सगळ्यांच्या आधी यायला हवी.

बरं, एवढं करून सावली पदरात पडते का? फ्लेमिंगोंचा हंगाम साधारण नोव्हेंबर ते मे. मेच्या मध्यावर आपल्याकडे सूर्य भरदुपारी अगदी माथ्यावर येतो, सावली पायाखाली जाते. तेव्हा छप्पर चोख काम करतं. पण डिसेंबरात त्याच वेळी सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, क्षितिजापासून जेमतेम ४७ अंशांवर. छप्पर डोक्यापासून जेवढं वर, जवळजवळ तेवढीच सावली उत्तरेला सरकते. छप्पर आपलं, सावली खाडीची! त्यात होडी वळली की सावलीही वळते. आधी नाळेवरची मावशी उन्हात, मग मागचा भाचा. 'जरा सरका हो' असं म्हणत पाहुणे अर्धा प्रवास जागा बदलत असतात. आणि पाण्यावरून उसळून खालून येणारी तिरीप कुठलंच छप्पर अडवत नाही. टोपी लागतेच.

छायाचित्रकारांची तऱ्हा आणखी वेगळी. ठाणे खाडी २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाली, २०२२ मध्ये महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेली आणि लांब नळकांड्यांच्या लेन्सवाल्यांची वर्दळ वाढली. जोवर पक्षी चिखलात चोच उलटी घालून चरत असतात तोवर या मंडळींना सावली गोड वाटते. थवा उठून डोक्यावरून गेला की छप्पर त्यांचं शत्रू.

कापड आणि पायपांबद्दल फार बोलण्यासारखं नाही. सूत विणण्याआधीच रंगवलेलं अ‍ॅक्रिलिक कापड महाग, पण उन्हात लवकर विटत नाही आणि हवा खेळू देतं. रेग्झिनसारखं कापड पाणी अडवतं, पण तापतं आणि ओलं मिटलं की बुरशी धरतं. पाइप अ‍ॅल्युमिनियमचे हलके. मात्र त्यांत स्टीलचा स्क्रू पिळला आणि खारं पाणी लागत राहिलं की सांध्यात पांढरी भुकटी धरते. स्टील जड, पण खाडीत टिकतं. मित्राने अ‍ॅल्युमिनियम घेतलं, कारण उचलायचं कोणाला आहे हे त्याला माहीत होतं.

खरी कला मिटण्यात आहे. आधी पुढचे पट्टे सोडायचे, कमानी हळूहळू मागे आणायच्या आणि दोन पायपांमध्ये सापडलेलं कापड बोटांनी बाहेर ओढून घ्यायचं. हे बाहेर ओढणंच बहुतेक जण विसरतात. मग पाइप कापडाला घासत राहतात आणि एका हंगामात तिथे विरतं. बाहेर काढलेलं कापड सुरळी करून मोळीवर गुंडाळायचं, दोन बंद, वर खोळ. खोळीची चेन हा खाऱ्या पाण्याचा आवडता बळी. मित्राची बायको देवघरातला मेणबत्तीचा तुकडा घेऊन येते आणि दातांवरून वरखाली घासते, तेव्हा कुठे ती चालते. मोळी काठावर आडवी टाकून द्यायची नाही, नाहीतर प्रत्येक लाटेला ती आपटते आणि बिजागऱ्या ढिल्या होतात. मागे दोन टेकू लावून तिरकी उभी ठेवायची. आणि ओली मिटलीच, तर धक्क्याला लागल्यावर पहिलं काम गोड्या पाण्याने धुऊन वाळवण्याचं. मीठ सुकलं की त्याची कणी कापडात रुतून बसते.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारीबंदी. होडी काठावर ओढली जाते, तिच्यावर ताडपत्री चढते आणि छप्पर घरी येतं. इथे दुसरी भूमिती. जुन्या कौलारू घरात जाळी, दोर, वल्ही सगळं वाशांना टांगलेलं असायचं. या कमानीही तिथे निमूट राहिल्या असत्या. आता तिथे तीन मजली स्लॅब आहे आणि जिना असा अरुंद की पाच फुटी कमान वळणावर अडते. बापलेकांनी ती बाहेरून दोर लावून गच्चीवरून घेतली. काही दिवस ती गॅलरीत होती, मग तिच्यावर टॉवेल वाळू लागले.

नारळी पौर्णिमेला होडी पुन्हा पाण्यात गेली तरी पाऊस असेपर्यंत छप्पर काही चढत नाही, म्हणजे गणपतीत ते घरातच असणार. मुलांनी हे बरोबर हेरलं आणि तिन्ही कमानी मखराला लावायचं परस्पर ठरवून टाकलं. मापं घेऊन झाली आहेत, झेंडूच्या माळा किती लागतील तेही ठरलं आहे. काकांची हरकत नाही. त्यांनी एवढंच बजावलंय, की पायपाला भोक पाडाल तर खबरदार.