कोर्रे आणि नो कोर्रास

आज दुपारी माद्रिदच्या रेतिरो पार्कात तळ्याजवळ बसले होते. तीनेक वर्षांचा एक पोरगा कबुतरांमागे सुसाट सुटला होता आणि त्याची आजी कौतुकानं "कोर्रे, कोर्रे!" म्हणत होती. स्पॅनिशमध्ये म्हणजे पळ, पळ. तो पाण्याकडे वळला तशी ती ओरडली, "नो कोर्रास!" पळू नकोस!

कित्येक दिवस वहीत गिरवलेला नियम त्या एका हाकेनं डोक्यात बसला. ज्या क्रियापदांचं मूळ रूप 'एर' किंवा 'इर'नं संपतं, त्यांना एखाद्याला 'नको' म्हणताना 'आस' लागतं: कोमे म्हणजे खा, नो कोमास म्हणजे खाऊ नको. 'आर'वाल्यांचं नेमकं उलट: आब्ला म्हणजे बोल, पण बोलू नको म्हणजे 'नो आब्लेस'. मी आजवर सरळ 'नो आब्ला' म्हणत आले, आणि त्याचा अर्थ होतो 'तो बोलत नाही'!

आपल्याकडे तरी काय वेगळं आहे? 'पळ'ला नुसतं 'नको' चिकटवून चालत नाही, 'पळू नको' म्हणावं लागतं. एकाच माणसाला आदरानं 'पळू नका' म्हणायचं तर स्पॅनिशमध्ये 'नो कोर्रा'. मित्रांच्या घोळक्याला इथे 'नो कोर्राइस', मेक्सिकोत मात्र 'नो कोर्रान'.

हिरवळीवरच्या पाट्यांवर 'नो पिसार' म्हणजे 'पाय देऊ नका' असतं, मूळ क्रियापद जसंच्या तसं. ते पाट्यांपुरतंच, समोरच्या माणसाशी तसं बोलत नाहीत.

पोरगा शेवटी पडलाच. आजीनं त्याचा गुडघा झटकला, गाल पुसले आणि हळूच म्हणाली, "नो योरेस." रडू नकोस. मनात भाषांतर न करता मला ते कळलं.