निदेशक सर आणि आमची मका सोलणी

सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असा शाळेचा निरोप आला आणि मी त्याच रात्री लिहायला बसलो. शाळेबद्दल लिहिण्यासारखं पुष्कळ आहे. स्नेहसंमेलनं, पंधरा ऑगस्टची प्रभातफेरी, गणिताच्या बाईंचा धाक. त्यावर बाकीची मंडळी लिहितीलच. मला लिहायचंय ते आयबीटीच्या सरांबद्दल. त्यांना मुख्याध्यापकांपासून शिपाईमामांपर्यंत सगळेच निदेशक सर म्हणायचे, निदेशक म्हणजे हातानं काम करायला शिकवणारे शिक्षक, म्हणून मीही इथं तेच लिहितो.

आत्ताच्या मुलांसाठी थोडं सांगायला हवं. आयबीटी म्हणजे मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख. डॉ. श्रीनाथ कलबाग मुंबईतली मोठ्या कंपनीच्या संशोधन विभागातली नोकरी सोडून 1983 मध्ये शिरूर तालुक्यातल्या पाबळला आले, तिथं त्यांनी विज्ञान आश्रम सुरू केला आणि त्यातून हा विषय शाळाशाळांत गेला. आठवी ते दहावी, आठवड्यातला एक दिवस. वर्कशॉप, शेती आणि पशुपालन, ऊर्जा आणि पर्यावरण, गृह आणि आरोग्य असे चार भाग. आमचे सर पाबळलाच राहून शिकलेले. कलबाग सरांचा विषय निघाला की त्यांचा आवाज बदलायचा. आता राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आल्यापासून सहावी ते आठवीच्या मुलांसाठी वर्षातले 10 दिवस दप्तराविना ठेवायची चर्चा ऐकतो. आम्ही दर आठवड्याला एक अख्खा दिवस कानशीच्या आणि वेल्डिंगच्या वासात काढत होतो, हे आमचं भाग्य.

नववीत सरांनी गट पाडले. सांगितलं एवढंच, की घरात किंवा शेतात कुणाला तरी रोज त्रास होतोय असं एक काम शोधा आणि त्यासाठी वस्तू बनवा. आमच्या गटात पाच जण. आम्ही मका निवडला. आपल्याकडं बाजारात न्यायचा मका मळणी यंत्रात जातो, पण बियाण्याचा, कोंबड्यांचा आणि घरचा मका अजूनही बायका अंगठ्यानं सोलतात.

आम्ही लगेच वह्या काढून चित्रं काढायला लागलो. सरांनी वह्या मिटायला लावल्या. कुणाच्या तरी घरून कणसांचं पोतं मागवलं, आम्हाला शेडमध्ये गोल बसवलं आणि म्हणाले, "आधी हे हातानं सोला." दुपारपर्यंत पाचही जणांचे अंगठे लाल झाले. दुसऱ्या दिवशी पेन धरवेना. मग सरांनी विचारलं, "आता सांगा, दुखतं नेमकं कुठं?" अंगठ्याच्या पेराला, हे आम्ही सांगू शकलो. पण मनगटही भरून येतं, आणि पहिली ओळ मोकळी करायलाच सगळ्यात जास्त जोर लागतो, हे वर्गात बसून आमच्या सात पिढ्यांना सुचलं नसतं.

मग व्हर्नियर कॅलिपर हातात आला. बुडाशी, मध्यावर आणि शेंड्याला अशी प्रत्येक कणसाची जाडी मोजून तक्ता केला. बोअरवेलच्या जुन्या पाइपचा सहा इंचाचा तुकडा कापला आणि आत चार पाती बसवायचं ठरलं. पाती किती उंच ठेवायची यावरून गटात जुंपली. वेल्डिंग करणारा म्हणे सरासरी काढू. दुसरा म्हणे सगळ्यात जाड कणीस धरू. आवाज वाढले. सर आले, वाद काय आहे हे विचारलंसुद्धा नाही. गटातल्या सगळ्यात कमी बोलणाऱ्या मुलीकडं वळून म्हणाले, "आधी ही बोलेल." ती थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "आई कणीस शेंड्याकडनं सोलते. कणीसच निमुळतं आहे, मग पातं सरळ कशाला?" तक्ता आम्हा सगळ्यांसमोर होता, बघितला तिनं एकटीनं. पाती तिरकी कापली. तोंडाशी जागा जास्त, आत जाताना कमी कमी. बारीक कणीसही धरलं जायचं आणि जाडही अडकायचं नाही.

गटात बोलायची सुरुवात सगळ्यात गप्प राहणाऱ्यानं करायची, हा सरांचा नियमच होता आणि त्यांनी तो कधी मोडला नाही.

पण मला खरं सांगायचंय ते चाचणीबद्दल. सोलणी घेऊन आम्ही शाळेच्या मागच्या वस्तीवर एका काकूंकडं गेलो. ओट्यावर त्या मका घेऊनच बसल्या होत्या. आम्ही पाचही जण समोर उभे, सर जरा लांब, लिंबाखाली. काकूंनी सोलणी डाव्या हातात धरली, कणीस शेंड्याकडून आत घातलं, पिळलं. दाणे भराभर सुपात पडले. काकू हसल्या. "छान केलंय रे पोरांनो, लई छान." आम्ही एकमेकांकडं बघितलं, आता टाळ्याच वाजवायच्या राहिल्या होत्या. काकूंनी दुसरं कणीस सोललं. मग सोलणी अलगद बाजूला ठेवली, तळहात पदराला पुसला आणि बोलता बोलता तिसरं कणीस अंगठ्यानं सोलायला घेतलं.

परत येताना आम्ही वहीत लिहायला लागलो, काकूंना फार आवडलं. सरांनी वही हातात घेतली. "त्या काय म्हणाल्या ते राहू दे. त्यांच्या हातांनी काय केलं ते लिहा."

मी आज जो काही आहे तो या एका वाक्यामुळं आहे, असं लिहिताना मला जराही संकोच वाटत नाही.

लिहिलं तेव्हा कळलं. पाइपची कापलेली कड तळहातात रुतत होती. सहा इंच लोखंड डाव्या हातात धरून ठेवायला जड जात होतं. आम्ही पाइप निम्मा केला, दोन्ही कडा कानशीनं घासून गोल केल्या, बाहेरून सायकलची जुनी ट्यूब गुंडाळली. वजन घटलं आणि माल निम्मा लागल्यानं खर्चही घटला. खर्चपत्रकात मालाच्या किमतीवर 25 टक्के मजुरी धरायला सरांनी शिकवलं होतं. स्वतःची मेहनत फुकट धरायची नाही, असा त्यांचा आग्रह. पुढच्या खेपेला त्याच काकूंनी सूप रिकामं होईपर्यंत सोलणी हातातून खाली ठेवली नाही.

सगळं झाल्यावर सरांनी कपाटातून एक पत्रक काढलं. भोपाळच्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेनं तयार केलेल्या नळीच्या मका सोलणीचं चित्र होतं. आत तशीच चार निमुळती पाती. सरांना हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. आधी दाखवलं असतं तर आम्ही एका दुपारी नक्कल करून मोकळे झालो असतो, आणि हातात फक्त सोलणी उरली असती. माहीत असूनही इतके आठवडे गप्प बसायला किती धीर लागतो, हे मला आता स्वतःच्या हाताखाली माणसं आल्यावर उमगतं.

मी सध्या चाकणला वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत डिझाइन विभाग सांभाळतो. ट्रकच्या सीटच्या आमच्या एका रचनेला पेटंट मिळालं आहे. विभागातली मुलं उत्तम महाविद्यालयांतून आलेली, संगणकावर आमच्यापेक्षा दहापट वेगानं काम करणारी. तरी पहिले काही महिने मी त्यांना ड्रायव्हर मंडळींबरोबर बसवतो. ड्रायव्हर 'ठीक आहे साहेब' म्हणाला हे अहवालात चालत नाही. लिव्हर ओढताना तो कुठं वाकला, कोणता हात लावला, ते लिहावं लागतं. बैठकीत सगळ्यात नवा इंजिनिअर आधी बोलतो. लोक मला विचारतात, हे कुठल्या कोर्समध्ये शिकलात? मी आपल्या शाळेचं नाव सांगतो.

ती गप्प बसणारी मुलगी आज कृषी विभागात अधिकारी आहे. वेल्डिंगवाल्याचं स्वतःचं शेती अवजारांचं दुकान आहे आणि दिवाळीच्या सुमारास तो अजूनही सोलण्या बनवतो, ट्यूबऐवजी आता रबरी मूठ लावून.

मागच्या वर्षी शाळेत आलो होतो. नवी इमारत देखणी आहे, संगणक कक्ष वातानुकूलित आहे, आनंद वाटला. वर्कशॉपच्या शेडमध्ये मात्र मोडकी बाकं रचून ठेवलेली दिसली. काम घट्ट पकडून ठेवायचा बेंच-व्हाइस गंजून आवळलेल्या अवस्थेतच अडकलाय. सर निवृत्त झाल्यावर त्यांच्या जागी कुणी आलंच नाही. हा विषय बंद पडलेला नाही. मल्टी स्किलच्या नावानं तो राज्यातल्या इतर शाळांत चालू आहे, मुलं त्यात गुण मिळवताहेत. मग आपल्याच मुलांना हे का मिळू नये?

आम्ही पाचही जणांनी बोलून ठरवलं आहे. निदेशकाचं तीन वर्षांचं मानधन आमच्याकडं लागलं. वेल्डिंग मशीन आणि हत्यारं वेल्डिंगवाला देतोय. सरांशीही बोललो, तब्येत साथ देईल तोवर शनिवारी येऊन बसतो म्हणाले. संस्थेनं फक्त जूनच्या आत शेड रिकामी करून द्यावी आणि विजेचा मीटर पुन्हा जोडून घ्यावा, एवढी विनंती.