सांगली-मिरज: दोन नेकची जुनी स्टील गिटार घ्यायला जाताना

सांगलीच्या गावभागात एका घरी फेंडर या अमेरिकन कंपनीची दोन नेकची स्टील गिटार विकायला काढली आहे, असं ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्या एका मित्राकडून कळलं. फोटो मागवले. आठ-आठ तारांचे दोन नेक (तारा ताणून बसवलेल्या पट्ट्या), एक दुसऱ्यापेक्षा उंचावर, प्रत्येकाला दोन पिकअप (तारेचं कंपन विजेत पकडणारी चुंबकी कॉइल). म्हणजे स्ट्रिंगमास्टर. हे मॉडेल १९५३ साली बाजारात आलं. रात्रीच्या महालक्ष्मी एक्सप्रेसनं निघालो. ती सांगलीलाही थांबते आणि पुढे मिरजेलाही. वाद्य बघायचं असेल तर सांगलीला उतरा आणि परतीचं तिकीट मिरजेहून काढा, कारण दुरुस्तीसाठी शेवटचा मुक्काम मिरजेत पडतोच.

ज्यांना हे वाद्य माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आपण हवाईयन गिटार म्हणतो तीच जात. तार दाबायची नाही, वरून स्टीलचा बार सरकवायचा. पट्टीवरचे पडदे फक्त खुणा. तारा ज्या सुरांत लावाल त्याच सुरसंगती मिळतात, म्हणून दोन नेक: एक सी सिक्स्थमध्ये, दुसरा ए सिक्स्थ किंवा ई थर्टीन्थमध्ये (ही तारा लावण्याच्या सुरसंगतींची नावं), म्हणजे कार्यक्रमात मध्येच खुंट्या पिळत बसावं लागत नाही. आपल्याकडे हे वेड मुख्यतः कोलकात्याहून पसरलं. टाउ मो हे हवाईचे वादक १९४० च्या दशकात तिथे राहत होते. पुढे व्हॅन शिपली यांच्या विजेवरच्या गिटारनं सिनेगीतं घराघरांत पोचवली, आणि ब्रिजभूषण काब्रांनी याच जातीच्या गिटारवर राग वाजवले. इतका वारसा असूनही जुनी वाद्यं माळ्यावर धूळ खात पडतात, याचं मला फार वाईट वाटतं.

त्या घरच्या काकूंनी चहा ठेवला आणि गिटारची पेटी बाहेर आणली. त्यांच्या यजमानांनी बोटीवर नोकरी करणाऱ्या भावाकडून ती गिटार मागवली होती. सांगलीत कुठलंही जुनं वाद्य बघताना पहिला प्रश्न एकच: पुरात होतं का? २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैत कृष्णेचं पाणी या भागातल्या घरांत शिरलं होतं. "वरच्या मजल्यावर होती हो, पाण्यानं शिवली पण नाही," काकू म्हणाल्या. तरीही पेटीचं अस्तर कोपऱ्यात उचलून बघावं. गाळाची रेघ, फुगलेला प्लायवूड, बिजागऱ्यांवर आतून चढलेला गंज यातलं काही दिसलं तर पिकअपची आशा अर्धी सोडावी. इथे अस्तर कोरडं होतं, फक्त डांबराच्या गोळ्यांचा वास.

मग स्क्रू काढण्याची परवानगी मागितली. परवानगी न घेता पेचकस लावू नये, आणि मालकाला शेजारी बसवूनच उघडावं. व्हॉल्यूमच्या पॉटच्या (आवाजाच्या बटणाखालच्या फिरत्या भागाच्या) पाठीवर किंवा कडेला आकडे कोरलेले असतात. ३०४ ने सुरुवात म्हणजे स्टॅकपोल कंपनी, १३७ म्हणजे सीटीएस. १९५० च्या दशकातल्या पॉटवर त्यापुढचा एक आकडा वर्षाचा, नंतरचे दोन आठवड्याचे. काकूंच्या गिटारवर ३०४५३४ होतं: पाचाचं वर्ष, चौतिसावा आठवडा. मॉडेलच १९५३ चं असल्यामुळे १९४५ बाद, आणि सोल्डर कुणी छेडलेलं दिसत नव्हतं, म्हणून १९५५ धरायला हरकत नाही. पॉट बदललेला असेल तर या आकड्यावर विसंबू नये. पिकअपला मल्टिमीटर लावला. चांगली कॉइल काही हजार ओहम दाखवते. मीटर अनंत दाखवत असेल तर आतली तार तुटली आहे. चारपैकी तीन जिवंत निघाले, एक मेला होता. कॉइल पुन्हा गुंडाळून घेता येते, पण तो खर्च किमतीत धरलाच पाहिजे.

सोबत जुना अमेरिकन अँप, म्हणजे अँप्लिफायरही होता. तो लावून दाखवायला काकूंचा नातू उठला, त्याला थांबवलं. हे अँप सुमारे ११७ व्होल्टचे असतात. आपल्या २३० व्होल्टच्या प्लगमध्ये थेट घातले तर ट्रान्सफॉर्मर जळतो. वर्षानुवर्षं बंद पडलेल्या अँपचे कपॅसिटर आधी तपासून घ्यायचे, मग स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मरवरच लावायचा. चाचणीसाठी आपला छोटा अँप आणि केबल न्यावी.

आता किमतीचं. आकडा इथे देत नाही, घरच्यांची तशी इच्छा आहे. काकूंना कुणीतरी "जुनी गिटार, दहा-पंधरा हजार" असं सांगितलं होतं. वस्तू काय आहे हे न सांगता त्या भावात उचलणं मला शक्य नव्हतं, आणि कुणीही तसं करू नये. परदेशातल्या लिलावांत अशाच गिटारला खरोखर काय मिळालं (मागितलेली किंमत नव्हे) ते मोबाइलवर नातवाला दाखवलं, मेलेला पिकअप आणि दुरुस्ती वजा केली, आणि मग बोललो. तासभर लागला. पावतीवर मॉडेल, असेल तो क्रमांक, अँपसह सगळं सामान लिहून दोघांच्या सह्या घेतल्या. विकणाऱ्यांनाही एक विनंती: घासूनपुसून पॉलिश करू नका, रंग तर मुळीच देऊ नका. मूळ रंग कितीही उडालेला असो, नव्या रंगानं किंमत पडते. तुटका नट (तारा ज्या खाचांतून जातात ती टोकाची पट्टी), जुना बार, बोटांत घालायची नखं, गिटारचे पाय, सगळं पेटीत ठेवा.

एका नेकचा नट मूळचा नव्हता, त्यामुळे सांगलीहून सिटी बसनं मिरज गाठली. सतारमेकर गल्लीत तलवारींना धार लावणाऱ्या शिकलगारांचे वंशज एकोणिसाव्या शतकापासून सतारी-तंबोरे घडवतात. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. एका दुकानात चाचांनी गिटार उलटसुलट बघितली. "जवारी नको ना यात? तार सरळ सुटायला पाहिजे," ते म्हणाले. जवारी म्हणजे सतारीच्या तारेची झणझण; त्यांना अचूक समजलं होतं. इथे बार सगळ्या तारांवर एकदम टेकतो, म्हणून जाड-बारीक सगळ्या तारांचे माथे एका पातळीत हवेत. चाचांनी तारांवर आडवी पोलादी पट्टी ठेवली, दिव्याकडे धरली आणि पट्टीखालून उजेड कुठे येतो ते बघत बारीक कानशीनं जाड तारांच्या खाचा खोल केल्या. एक घास, फुंकर, पुन्हा तार चढवायची, पुन्हा पट्टी. शेवटी उजेडाची फट उरली नाही.

आठ तारांचा संपूर्ण संच मिरजेत मिळणार नाही, तो आधी मागवून ठेवा. अडलंच तर सतारीची पोलादी तार वरच्या सुरांना चालते. पितळी तार मात्र लावू नका: पिकअप चुंबकावर चालतो, पितळ त्याला जवळजवळ ऐकूच येत नाही. दुकानात जाण्यापूर्वी फोन करावा, आणि शुक्रवार दुपार टाळावी.

परतताना तारा अर्ध्या सुरानं सैल केल्या, पाय काढून वेगळे गुंडाळले. पेटी जड आहे, लोअर बर्थ घ्या आणि ती खाली आडवी सरकवा. अँप मात्र काकूंकडेच ठेवून आलो; तो नीट खोक्यात भरून पुढच्या खेपेला आणेन.