पाणी कुठं जातंय गे?

जांबोटी (जि. बेळगाव), गणपतीचा तिसरा दिवस

आजोळी आल्यापासून पाऊस कौलांवर नुसता बडवतोय, लाइट जाऊन-येऊन आहे. बाहेर पडायची सोय नाही, तेव्हा जुलैतल्या स्वित्झर्लंडच्या डोंगरसहलीबद्दल आज लिहूनच टाकते.

गाडीत आम्ही तिघं. धारवाडचा, पणजीची आणि बेळगावची मी. झुरिकमध्ये भेटलो तेव्हापासून आमच्यात कन्नड, कोकणी आणि मराठी एकाच वेळी चालू असतं. कुणी कुठल्या भाषेत सुरुवात केली आणि कुठल्या भाषेत संपवलं याचा हिशेब कोण ठेवत नाही. परक्या मुलखात हे दोघं आहेत म्हणून माझे दिवस बरे जातात.

आन्डरमाटपासून खरा घाट सुरू होतो. तिथून गोटहार्ड खिंड (2106 मीटर) ओलांडून ऐरोलोत उतरायचं, मग नुफेनेन (2478 मीटर) चढून रोन नदीच्या खोऱ्यात, आणि शेवटी फुर्का (2429 मीटर) पार करून परत आन्डरमाट. एका दिवसात हा फेरा होतो, पण उन्हाळ्यातच. थंडीत खिंडी बर्फाखाली जातात, रस्ते बंद. ज्याला घाई आहे त्याच्यासाठी गोटहार्डच्या पोटातून 57 किलोमीटरचा रेल्वे बोगदा आहे, 2016 सालचा. आम्हाला डोंगर बघायचा होता.

गोटहार्डवरून उतरताना मुद्दाम ट्रेमोलाचा जुना रस्ता धरला. दगडी फरसबंदी आणि एकाखाली एक वळणं. पणजीची प्रत्येक वळणाला "सवकास रे, सवकास" म्हणत होती. धारवाडचा शांत. पावसाळ्यात, धुक्यात, समोरून ट्रक येत असताना चोर्ला घाटात गाडी चालवलेला माणूस तो.

खिंडीच्या अलीकडे पाट्या जर्मन, खाली ऐरोलोत इटालियन, नुफेनेन ओलांडलं की पुन्हा जर्मन. सीमाभागात वाढल्यामुळे पाटीवरची भाषा मला कधी नुसती पाटी वाटलेली नाही. ऐरोलोत मी त्या पाट्यांसमोर जरा जास्तच वेळ उभी राहिले. त्याबद्दल आज नको, तो विषय मोठा आहे.

नुफेनेनवर गाडी लावून जेवलो. चपात्या, शेंगदाण्याची चटणी, आणि बोचरा वारा. धारवाडच्याने मोबाइलवर नकाशा उघडला आणि बोटानं नद्या दाखवायला लागला. सकाळी गोटहार्डच्या उत्तर उतारावर दिसलेली रॉइस पुढं आरे नदीतून ऱ्हाइनला मिळून उत्तर समुद्राला जाते. दक्षिणेला उतरलेली टिचिनो पो नदीतून एड्रियाटिकला. आणि आता ज्या खोऱ्यात उतरणार होतो तिथलं पाणी रोनमधून जिनिव्हाच्या सरोवरात आणि तिथून भूमध्य समुद्रात. एकाच दिवसाच्या वाटेवर तीन समुद्रांचं पाणी! मी तर नकाशा सोडून उतारच बघत बसले.

मग जे निघायचं ते निघालंच. म्हादई, म्हणजे गोव्यात मांडवी होणाऱ्या नदीच्या पाण्यावरून कर्नाटक-गोव्याचा वाद. पणजीची म्हणाली, तुम्ही वर पाणी वळवलंत की आमच्या मांडवीत खारं पाणी आत शिरणार. धारवाडचा म्हणाला, आमच्याकडं नळाला पाणी किती दिवसांनी येतं ते येऊन बघ. लवादानं 2018 मध्ये कर्नाटकाला 13.42 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी दिलं, त्यावरही दोघांची दोन मतं. आवाज चढले नाहीत, पण चटणीचा डबा तसाच उघडा राहिला. मला दोघांचंही पटत होतं आणि मी गप्प होते, कारण ज्या डोंगरावरून ते भांडत होते तो माझ्या आजोळचा.

खाली ग्लेच गावाशी थांबून रोनमध्ये हात घातला. पाणी तांदळाच्या धुवणासारखं, पांढरट. ओंजळीत धरलं आणि सोडलं तर तळव्यावर बारीक कच राहिली, बर्फानं डोंगर घासून केलेली. दोन मिनिटांत बोटं बधिर झाली. 19व्या शतकाच्या मध्यात हिमनदी पार या ग्लेचपर्यंत खाली आलेली होती. आता ती बघायला फुर्काच्या वळणांवर वरपर्यंत चढावं लागतं. वर बंद पडलेलं जुनं हॉटेल आहे, त्याच्यामागे बर्फाचा काठ, आणि त्या काठावर चक्क पांढरी कापडं अंथरलेली, ऊन लागून वितळू नये म्हणून. कडेनं ती मळलेली, फाटलेली. बर्फाच्या पायथ्याशी वितळलेल्या पाण्याचं तळं साचलंय. मला ते बघवेना. पणजीचीनं माझा हात धरला, धारवाडचा काही बोलला नाही.

हे सगळे फोटो काल आरतीनंतर घरी दाखवले. कुणी गाई बघितल्या, कुणी खर्च विचारला. मामांनी मात्र रोनचा फोटो बराच वेळ बघितला आणि विचारलं, "ते पाणी कुठं जातंय गे?"

सांगितलं. त्यावर ते उठले, ओल्या बोटानं फरशीवर रेघ ओढली आणि म्हणाले, ही कणकुंबीची डोंगरधार. हिकडचं पाणी मलप्रभेला, तिकडचं कळसा नाल्यातनं म्हादईला. मलप्रभा पूर्वेला निघते, कुडलसंगमला कृष्णेत मिळते, म्हणजे बंगालच्या उपसागरात. म्हादई मांडवी होऊन पणजीला अरबी समुद्रात. धारवाडचा पितो ते रेणुकासागर धरणाचं पाणी, म्हणजे मलप्रभाच. पणजीची पिते ते ओपाच्या पाणीपुरवठा केंद्राचं, खांडेपार नदीचं, आणि खांडेपारही मांडवीलाच मिळते. आमच्या भांडणाचं मूळ मामांच्या घरापासून गाडीनं थोड्याच अंतरावर आहे.

"लवाद काय देईल ते देईल," मामा म्हणाले, "वरचं रान राहिलं तर वाटायला पाणी." मला हेच नुफेनेनवर बोलायचं होतं, तेव्हा शब्द सुचले नव्हते. तिथं बर्फ पाणी धरून ठेवतो, इथं कणकुंबी-भीमगडचं रान धरतं. बर्फावर निदान कापड घालायचा प्रयत्न तरी होतो. रान तुटलं तर त्यावर काय घालणार? कुणाच्या वाट्याला किती, हा वाद मी खोटा म्हणत नाही. पण त्यात रानाची बाजू मांडणारं कुणीतरी हवं, आणि आम्ही इथली माणसं ती नाही मांडणार तर कोण?

रात्री दोघांना फोन केला. पुढच्या पावसाळ्यात दोघंही सुट्टीवर येताहेत. पणजीची साखळी, केरीवरून चोर्ला चढून येईल, धारवाडचा कित्तूर, खानापूरवरून. आधी कणकुंबीला माउलीच्या देवळाशी भेटायचं, मलप्रभेचा उगम बघायचा, मग कळशाकडं चालत. हब्बनहट्टीचा नदीतला मारुती तेव्हा पाण्याखाली असेल, तो लांबूनच. जळवा असणारच, मीठ आणि तंबाखू मी आणते म्हटलं. जेवण मामींकडं.