तुम्ही विचारलंत म्हणून: जुने पिक्चर चांगले की नवे?

लग्नाच्या पंगतीत विचारतात, दवाखान्याच्या बाकावर विचारतात. परवा तर इथे नागपुरात बर्डीवर मिक्सर दुरुस्तीला दिला, तिथेसुद्धा. ही बाई सिनेमावेडी आहे एवढं कळायचा अवकाश, समोरचा हटकून म्हणतो, "काय ताई, जुने पिक्चरच चांगले होते, नाही का?" आता याला प्रश्न म्हणायचं तर म्हणा. विचारणाऱ्याचं उत्तर आधीच ठरलेलं असतं, त्याला त्याखाली फक्त माझ्या पांढऱ्या केसांची सही हवी असते.

ती सही मी देत नाही. का, ते एकदा सविस्तर सांगून टाकते.

मला सिनेमाचा नाद लागला तो तिकिटाच्या रांगेमुळे. आम्ही नागपूरच्या महाल भागात राहायचो. चुलत, आते, मामे धरून सात भाऊ आणि मुलगी मी एकटी. टॉकीजवर बायकांची रांग वेगळी असायची, लेडीज लाईन. पुरुषांच्या रांगेत ढकलाढकली, शर्टाची बटणं तुटलेली, एखाद्याची चप्पल दुसऱ्याच्या पायाखाली. इकडे लेडीज लाईनीत पाच-सहा बायका, त्यातल्या दोघी लोणच्याच्या गप्पांत. त्यामुळे घरातला कुठलाही भाऊ सिनेमाला निघाला की मला सोबत नेणं आलंच. खिडकीचं भोक इतकं अरुंद की वळलेली मूठ आत जायची नाही. नोटांची सुरळी करून दोन बोटांत धरायची, हात आत सरकवायचा, आणि आतल्या माणसानं तिकिटं हातात दाबली की तसाच सपाट बाहेर ओढायचा. मनगटाला पत्र्याची कड खरचटायची. माझं तिकीट हे माझं कमिशन.

आता यातली मेख अशी, की पिक्चर कोणता बघायचा हे मला कोणी विचारायचं नाही. भाऊ नेतील तो. दारासिंगच्या कुस्त्या पाहिल्या, भुताचे पाहिले, पुठ्ठ्याच्या महालातले राजेराजवाडे पाहिले, ज्यात चोर कोण हे पहिल्या रिळातच कळतं असे रहस्यपट पाहिले. सदरच्या लिबर्टीपासून बर्डीच्या जानकीपर्यंत कुठं कुठं बसून काय काय बघितलंय म्हणून सांगू! तुम्ही ज्याला 'जुना काळ' म्हणता, त्यातले चाळलेले, निवडलेले पंचवीस-तीस सिनेमे तुम्हाला माहीत आहेत. मी कोंड्यासकट खाल्लेत.

दुसरी गोष्ट नोकरीची. १९७४ साली मी टेलिफोन खात्यात लागले, परगावचे फोन जोडून देणाऱ्या ट्रंक बोर्डावर. कानाला हेडफोन, समोर दोऱ्या आणि दिवे, आणि दिवसभर माणसांचे आवाज. नागपूरहून भिलाई, इटारसी, मुंबई. चेहरा एकही नाही. थोड्या महिन्यांत असं व्हायला लागलं की 'हॅलो' वरूनच कळायचं, याच्या घरी कुणी गेलंय की याला पैसे मागायचेत. सकाळची ड्यूटी सुटली की तीनच्या शोला मी एकटी जाऊन बसायची, आता स्वतःच्या पैशानं. तेव्हापासून माझी खोड अशी, की सिनेमा मी आधी ऐकते आणि मग बघते.

म्हणून 'शोले'बद्दल बोलताना लोक डायलॉग म्हणतात आणि मला झोका आठवतो. ठाकूरचं घर संपतं, तेव्हा रिकामा झोका करकरत राहतो. बाकी काही नाही. आणि रात्री बाहेर बसून जय माउथ ऑर्गन वाजवतो, समोरच्या माडीवर राधा एकेक दिवा मालवते. सिनेमाभर ती बाई जवळजवळ बोलतच नाही. इतक्या बोलभांड सिनेमाचा जीव त्या न बोलणाऱ्या दोघांत आहे असं मला तेव्हाही वाटलं, आजही वाटतं. जेलरचं प्रकरण मात्र लांबलं. त्या वेळात मी बाहेर जाऊन दाणे घेऊन यायची.

'शोले' १९७५चा. त्याच वर्षी 'जय संतोषी माँ' आला, आणि ही गोष्ट मला जरा थांबून सांगायची आहे.

त्याच्या तीन वर्षं आधी, १९७२ साली, शांतारामबापूंचा 'पिंजरा' लागला होता. राम कदमांचं संगीत, खेबुडकरांची गाणी. भाऊ एका रविवारी निघाले आणि मी नेहमीप्रमाणे तयार झाले, तर मोठी आई (आमच्या सगळ्यात थोरल्या काकू) दारात उभी. "तमाशाच्या पिच्चरला पोरगी जाणार नाही." भावांनी सांगून पाहिलं की मास्तराची गोष्ट आहे, बोधप्रद आहे. ती म्हणाली, "बोध तुम्ही घेऊन या." झालं. त्या दिवशी भावांना पुरुषांच्या रांगेत तिकिटं मिळाली नाहीत, एवढाच माझा आनंद. गाणी मात्र रेडिओवर अडवता येईनात. उषा मंगेशकरांचा आवाज लागला की मोठी आई उठून रेडिओचा कान पिळायची.

आणि १९७५ साली हीच मोठी आई शुक्रवारी आंबट सोडून, कपाळभर कुंकू लावून, शेजारच्या चार बायकांसह मला घेऊन 'जय संतोषी माँ'ला निघाली. लेडीज लाईन तेव्हा पहिल्यांदा पुरुषांच्या रांगेपेक्षा लांब पाहिली. आत शिरताना बायका चपला काढत होत्या. दारावरचा माणूस म्हणत होता, बाई, चपला घालूनच जा, आत पान थुंकलेलं असतं. कोण ऐकतंय! पडद्यावर आरती सुरू झाली तशी पुढून चिल्लर खणखणली, मोठी आई हात जोडून उभी राहिली, तिच्या मागच्यांना दिसेना, तेही उभे राहिले. आणि ती आरती कोणाच्या आवाजात? उषा मंगेशकरांच्या. रेडिओचा कान पिळायला लावणारा तोच गळा. मी शेजारी उभी राहून ओठ दाबून हसू आवरत होते. घरी येताना सांगितलं तेव्हा ती दहा पावलं गप्प चालली आणि म्हणाली, "देवीनं तिला सुधारलं असंल." तिची एक चप्पल त्या दिवशी टॉकीजमध्येच राहिली.

सिनेमा म्हणून 'जय संतोषी माँ' कच्चाच. स्वर्ग कापसाचा, देव्या भांडकुदळ. पण एका पिक्चरनं घराघरांत सोळा शुक्रवारांचं व्रत पोचवलं, हे 'शोले'ला जमलं नाही. मग याला चांगला म्हणू की वाईट? तुमच्या 'जुने चांगले'च्या कप्प्यात हा ठेवायचा कुठे?

'पिंजरा' मी पुढे पाहिला, चोरून नव्हे, पगारातून. गाणी आजही अंगावर येतात. गोष्टीशी माझं भांडण आहे. मास्तर घसरतो तो स्वतःच्या पायानं आणि गावभर बोलबाला होतो बाईचा. हा मास्तर केलेल्या डॉ. लागूंनी त्यानंतर आणखी एक मास्तर केला, जब्बार पटेलांच्या 'सामना'त, तेंडुलकरांच्या लेखणीतला. दारूनं संपलेला, कुठून आला कुणाला ठाऊक नाही, आणि साखर कारखान्याच्या सम्राटाच्या घरी बसून मारुती कांबळे नावाच्या माणसाचं काय झालं एवढंच विचारत राहतो. समोर निळू फुले. त्या दोघांचं बोलणं डोळे मिटून ऐकून बघा. एकाचा आवाज दारूत भिजलेला आणि तरी धारदार, दुसऱ्याचा तुपातला, आणि त्या तुपाखाली काय आहे ते दुसऱ्या भेटीतच कळतं. माझ्या बोर्डावर असे आवाज यायचे. 'अर्जंट' कॉल लावा म्हणताना विनंती करतात, पण विनंती नसते ती. १९७५च्या बर्लिन महोत्सवात हा सिनेमा स्पर्धेत होता. मी पाहिला तेव्हा माझ्या ओळीत मी आणि एक झोपलेला गृहस्थ.

काही मोठ्या नावांवर माझं मन बसत नाही, तेही सांगते. 'मेरा नाम जोकर'ला दोन इंटरव्हल होते, आम्ही डबा नेला होता. शाळेतला पहिला भाग, कोवळ्या ऋषी कपूरचा, त्यात मला एक ओळ कमी-जास्त करावीशी वाटत नाही. त्यानंतर मात्र राज कपूर स्वतःवरच इतकं रडतो की आपल्याला रडायला जागा उरत नाही. 'कागज के फूल' १९५९चा, आपला पहिला सिनेमास्कोप, म्हणजे रुंद पडद्याचा. आपटला, आणि गुरुदत्तनं पुन्हा दिग्दर्शक म्हणून नाव लावलं नाही. छायाचित्रकार मूर्तींनी त्या रिकाम्या स्टुडिओत उन्हाचा जो झोत सोडलाय, तो पाहायला मी दोनदा गेले. गोष्टीसाठी एकदाही गेले नसते.

आणि १९८३. जुन्याचे गोडवे गाणाऱ्यांना मी हे एक साल काढून दाखवते. 'हिम्मतवाला' त्याच वर्षाचा, मडक्यांच्या रांगांमधून कवायत करत नाचणारा. 'जाने भी दो यारों' त्याच वर्षाचा, आणि 'अर्धसत्य'ही. पानवलकरांची कथा, तेंडुलकरांची पटकथा, दिलीप चित्र्यांची कविता. हिंदी सिनेमा, पण हाडं मराठी. सदाशिव अमरापूरकरांचा रामा शेट्टी आवाज चढवतच नाही. ज्याला ओरडायची गरज नाही तो माणूस किती भीतीदायक असतो, हे कळायला मला तो पुरला. आता गर्दी कशाला होती, ते तुम्हीच ओळखा. नंतर व्हिडिओ कॅसेटा आल्या, चांगली घरं टॉकीजला जाईनाशी झाली, खुर्च्यांचा कापूस उंदरांनी नेला. त्या दहा वर्षांत मी बघितलेल्या सिनेमांत बहिणीची अब्रू जायची आणि भाऊ सूड घ्यायचा. चेहरे आठवतात, नावं आठवत नाहीत. तेही 'जुने'च आहेत न, बाप्पा?

नव्यातलं सांगायचं तर 'सैराट'. २०१६च्या उन्हाळ्यात भाचीच्या मुलांबरोबर मॉलमध्ये गेले. बाहेर पंचेचाळीस डिग्री, आत मी शाल पांघरून. गाण्याला पोरं खुर्च्या सोडून वाटेत नाचत होती आणि मीही टाळ्या वाजवत होते. अजय-अतुलनी एवढा मोठा वाद्यवृंद आधी कानात भरलाय, तो कशासाठी, हे शेवटी कळतं. शेवटी दिग्दर्शक मंजुळे सगळा आवाजच काढून घेतात. ते बाळ चालत बाहेर येतं आणि आपल्याला त्याचं रडणंही ऐकू येत नाही. मला एसीची घरघर ऐकू आली. मागच्या रांगेत कोणाच्या तरी मांडीवरून पॉपकॉर्नचा डबा पडला, तोही मोठा वाटला. बोर्डावर कधी कधी बोलता बोलता लाईन मरायची आणि दोन्हीकडची माणसं 'हॅलो, हॅलो' करत राहायची. तसं झालं मला.

चैतन्य ताम्हाणेंचा 'कोर्ट' बघताना भाचा दोनदा मोबाईल काढून बसला. त्याचा दोष नाही. कॅमेरा हलतच नाही, कोर्टात पंख्याखाली तारखा पडत राहतात. पण त्यातला लोकशाहीर गायला लागतो तेव्हा ऐका. वीरा साथीदार. आपल्या नागपूरचे, चळवळीतले, नट म्हणून आधी फारसं कुणाला माहीत नसलेले. त्या आवाजाला तालमीचा वास नाही, सभांचा आहे. सिनेमा देशातर्फे ऑस्करला गेला आणि ते पुन्हा आपल्या कामाला लागले. एप्रिल २०२१मध्ये करोनानं इथेच गेले. त्या सिनेमात त्यांचं नाव नारायण कांबळे. 'सामना'तल्या मास्तरानं ज्याचं विचारलं तोही कांबळेच. मध्ये चाळीस वर्षं गेली.

'झुंड' इथलाच, इथेच बराच घडलेला. उत्तरार्ध रेंगाळतो, अर्धा तास कापला असता तर बरं झालं असतं. पण त्यातली पोरं बोलली आणि मी खुर्चीत सरळ बसले. आयुष्यभर पडद्यावर आमच्याकडची बोली ऐकली ती नोकराच्या नाहीतर बावळटाच्या तोंडी, लोकांना हसवायला. इथे ती पोरं कॉटन मार्केटात कानावर पडते तशी बोलत होती आणि कोणी हसत नव्हतं. म्हणजे हसत होते, पण त्यांच्याबरोबर.

हे एवढं सगळं मी त्या मिक्सरवाल्याला ऐकवलं. तो स्क्रू ड्रायव्हर हातात धरून, मान हलवत, अगदी मन लावून ऐकत होता. मला वाटलं, चला, एक माणूस तरी वळला. 'हिम्मतवाला'पाशी आले तसा तो थांबला.

"पण ताई," तो म्हणाला, "तो तर भारीच पिच्चर होता न! मी चार डाव पाहिला. काहून, तुम्हाले नाही आवडला?"

मिक्सर अजून त्याच्याकडेच आहे. गुरुवारी ये म्हणालाय.