ते जनुक कायम चालू का ठेवत नाही?

वनस्पतींच्या जनुकांवर काम करते म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "दुष्काळात तगवणारी जनुकं सापडलीत ना? मग ती कायमची चालू करून का टाकत नाही?" तुम्हीही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगते.

हे करून झालंय. जपानमध्ये काझुको यामागुची-शिनोझाकी यांच्या गटाने 1999 मध्ये अरॅबिडॉप्सिसवर (प्रयोगशाळेत नेहमी वापरलं जाणारं मोहरीच्या कुळातलं छोटं रोप) केलेला प्रयोग मला फार आवडतो. डीआरईबी1ए नावाचं एक प्रथिन आहे. ज्या जनुकांच्या सुरुवातीच्या आधीच्या डीएनएमध्ये 'सीसीजीएसी' ही अक्षरं योग्य जागी असतात, तिथे ते जाऊन बसतं आणि त्या जनुकांच्या आरएनए प्रती निघू लागतात. म्हणजे एक प्रथिन हाताशी असलं की थंडी, क्षार आणि दुष्काळाशी झुंजणारी कितीतरी जनुकं एकदम कामाला लागतात. त्यांनी या प्रथिनाच्या जनुकाला फुलकोबीच्या एका विषाणूचा प्रमोटर, म्हणजे जनुक कधी आणि कुठे चालू व्हायचं ते ठरवणारा डीएनएचा तुकडा, जोडला. हा प्रमोटर रात्रंदिवस, झाडाच्या जवळपास सगळ्या भागांत चालू राहतो. झाडं दुष्काळात तगली, गोठवणाऱ्या थंडीतही तगली. पण पाणी भरपूर असतानाही खुरटलेलीच राहिली.

खुरटली का, याचा बराचसा उलगडा 2008 मध्ये झाला, याच कुटुंबातल्या दुसऱ्या प्रथिनावरच्या कामातून. ते प्रथिन वाढीचं संप्रेरक जिबरेलिन कमी करतं. जिबरेलिन असलं की डेला नावाची प्रथिनं मोडून टाकली जातात. ते घटलं की डेला साठत जातात आणि वाढीची जनुकं चालू करणाऱ्या प्रथिनांना धरून ठेवतात. धरलेलं प्रथिन डीएनएवर बसूच शकत नाही. झाडात बिघाड काहीच नाही, संकट आहे असं समजून ते वाढ आवरतं.

(खुरटणं दर वेळी वाईटच असतं असंही नाही. हरितक्रांतीतला बुटका गहू बुटका आहे तो जिबरेलिनला न जुमानणाऱ्या डेलामुळेच. ताट आखूड, म्हणून भरल्या ओंब्यांनी पीक लोळत नाही.)

यामागुची-शिनोझाकी यांच्या गटाने 1999 च्या त्याच कामात प्रमोटर बदलूनही पाहिला होता. आरडी29ए हा नवा प्रमोटर ताण आला तरच जोरात चालतो, कारण त्याच्यातही तीच अक्षरं आहेत. झाडं जवळपास नेहमीसारखी वाढली, आणि ताण सोसण्यात आधीच्यांपेक्षा सरस निघाली.

म्हणून कोणी नवं 'दुष्काळाचं जनुक' सापडल्याची बातमी दाखवली की मी आधी प्रमोटर कुठला ते बघते. आणि लगेच दुसरं: चालू झालेली जनुकं थांबवतं कोण? पाणी तुटलं की झाडात अ‍ॅबसिसिक आम्ल हे संप्रेरक वाढतं. ताणाची जनुकं एरवी बंद ठेवणाऱ्या, फॉस्फटेज नावाच्या काही प्रथिनांना ते अडवतं, तेव्हा कुठे ताणाची जनुकं चालू होतात. गंमत अशी की त्या चालू झालेल्या जनुकांमध्ये याच फॉस्फटेजांची जनुकंही असतात. आम्ल ओसरलं की ही ताजी फॉस्फटेजं मोकळी होतात आणि सगळा कारभार बंद करतात.