वहीतला ‘१९’ आणि माझी पासष्ट वर्षांची चूक

नाशिकच्या सराफ बाजारातील माझ्या आजोळच्या दुकानात घड्याळदुरुस्ती १८९७ सालीच सुरू झाली होती, असे मागील नोंदीत मी मोठ्या थाटात जाहीर केले होते. ते विधान आज मागे घेतो. दुकानाच्या जुन्या हिशेबवहीच्या पहिल्या पानावर ‘श्री’खाली फक्त ‘साल १९’ लिहिले आहे आणि ते मी शके १८१९ धरून चाललो होतो. १९६९ च्या गोदावरीच्या पुरात वहीची खालची कड गेली हे खरे, परंतु ही चूक पुराची नव्हे, माझी आहे.

गेल्या रविवारी मामेभावाने एका जुन्या गिऱ्हाइकाच्या घरून वेस्ट एंड कंपनीचे ‘सोवार प्राइमा’ हे घड्याळ आणून दिले. डायल पुन्हा रंगवलेली असल्याने तिच्यावर विसंबण्यात अर्थ नव्हता (भडक डायली चढवून घड्याळे विकणाऱ्यांनी या छंदाचे फार नुकसान केले आहे), म्हणून पाठीचे झाकण उघडून त्याच्या आतल्या बाजूवर तिरपा उजेड टाकला. दहापट भिंगातून सुईने कोरलेले ‘१९-७४’ हे आकडे स्वच्छ दिसले. वहीत ७४ व्या क्रमांकाला ‘सोवार, ब्यालन्स स्टाफ नवा, ३-५० पै’ (ब्यालन्स स्टाफ म्हणजे घड्याळातल्या झुलत्या चाकाचा बारीक आस) अशी नोंद सापडली, तेव्हा मी खुर्चीतून उठलोच. पण आनंद दोन मिनिटे टिकला, कारण ब्यालन्सच्या खड्यावर इन्काब्लॉकची वीणेच्या आकाराची स्प्रिंग चमकत होती आणि धक्का झेलणारी ही योजना १९३० च्या दशकातली आहे.

तीन रात्री मी घड्याळ वहीच्या शेजारी ठेवून बसलो. अखेर त्या ‘३-५० पै’ने डोळे उघडले. आण्याला पै बाराच असल्यामुळे पन्नास पै कोणीही लिहिणार नाही, आणि मी तर अशा प्रत्येक नोंदीपुढे पेन्सिलीने ‘लेखनदोष’ असा शेरा मारून ठेवला होता! ‘पै’च्या आधीचा जो शाईचा डाग मी सोडून देत आलो, तो भिंगाखाली मोडी ‘न’ निघाला. न. पै., म्हणजे नवे पैसे; म्हणजे वही १ एप्रिल १९५७ नंतरची. त्यातले ‘नवे’ १९६४ मध्ये गळाले, त्यामुळे वरची मर्यादाही हाती आली, आणि या दोन टोकांमध्ये बसणारा १९ एकच आहे: विक्रम संवत २०१९, अर्थात १९६२ च्या दिवाळी पाडव्यापासून पुढच्या दिवाळीपर्यंत. चैत्र पाडव्यानंतरच्या पानांवरही आकडा १९ च राहिला आहे. शक असता तर तेथे २० झाला असता, हे मला पहिल्याच दिवशी दिसायला हवे होते.

आता वहीची सुरुवातीची अठरा पाने, जी मी केवळ घडणावळीची म्हणून चाळून सोडली होती, तीच महत्त्वाची ठरली आहेत. पौषात पाटल्यांच्या एका जोडीवर सोन्याचे काम थांबते आणि माघापासून घड्याळांचे क्रमांक सुरू होतात. तो पौष म्हणजे जानेवारी १९६३, आणि त्याच महिन्यात सुवर्णनियंत्रण लागू होऊन १४ कॅरटपेक्षा जास्त कसाचे नवे दागिने घडवण्यावर बंदी आली. लग्नाच्या पाटल्या १४ कॅरटमध्ये कोण घडवून घेणार?

हे लिहिता लिहिता एक गोष्ट नव्याने खटकली. ब्यालन्स स्टाफ बसवणे महिन्याभरात शिकता येत नाही. सोनाराचा हात कितीही नाजूक असला तरी नाही. म्हणून पाने पुन्हा लावून पाहिली, तर माघापासूनचे अक्षर वेगळे आहे: ‘ळ’ची गाठ डावीकडे झुकते आणि रुपयाची रेघ आखूड आहे. आजोबांचे अक्षर तसे नव्हते. त्यामुळे १८९७ च्या कागदांसाठी पुणे अभिलेखागारात जाण्याचा बेत मी रद्द केला आहे. आधी ते अक्षर धाकट्या आजोबांचे आहे का हे ताडण्यासाठी मामांकडून त्यांची जुनी पत्रे मागवतो, आणि सार्वजनिक वाचनालयात ‘गावकरी’चे १९६३ चे अंक पाहायला मिळाले, तर त्यांत दुकानाची जाहिरात शोधतो.